एनारची आपटी

हॅचेट घळीत नदीला अठ्ठावीस डोह आहेत, आणि अठ्ठाविसांच्या अठ्ठावीस डोहांना कुणाच्या ना कुणाच्या फजितीचं नाव आहे. वरून निघालं की आधी 'पाद्रीबाबांची विजार' लागते, मग 'मेहुणा थोडासा बुडाला', मग 'नॉर्बर्ट खोटं बोलला'. असं करत करत खाली आलं, की पुलाच्या अलीकडे एका वळणाआड सगळ्यांत खोल, सगळ्यांत हिरवा आणि ट्राउट माशांनी गच्च भरलेला डोह येतो. त्याचं नाव 'एनारची आपटी'.

ही नावं सरकारनं दिलेली नाहीत. सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी गावात 'एक माशी' नावाची मासे पकडायची स्पर्धा असते. दोरीच्या टोकाला गळ म्हणून एकच बनावट माशी बांधायची आणि दिवसभर तीच वापरायची. ती तुटली की गळाची काठी गुंडाळून घरी. तोवर पकडलेला मासा मात्र मोजणीत धरला जातो. चार वाजेपर्यंत ज्याचा मासा सगळ्यांत लांब, तो जिंकला. बक्षीस एकच: पुलावरच्या फळ्यावरचं कुठलंही एक नाव खरवडायचं आणि तिथे आपल्या मनातलं नाव रंगवायचं. एवढा चांगला हक्क हातात आल्यावर माणूस तो शेजाऱ्याखेरीज आणखी कुणावर वापरणार?

लिओटा ब्रँडवोल्डला तो हक्क बापासाठी हवा होता.

लिओटा एकतीस वर्षांची होती. हिवाळ्यात ती काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवी आणि उन्हाळ्यात घरात बसून माशा बांधी. तशा त्या माशाही नसत. सप्टेंबरात ट्राउट नाकतोडे खातात, म्हणून ती हरणाचे केस आणि पिवळा दोरा गळावर गुंडाळून नाकतोडे बनवी. पण पिसं-केसांचं जे काही दोरीला बांधून पाण्यावर फेकतात, त्याला माशीच म्हणायचं असा रिवाज आहे. नाकतोड्याला कुणी विचारलेलं नाही.

आणि एनार म्हणजे लिओटाचा बाप. छत्तीस वर्षांपूर्वी, त्या वर्षीच्या हकलबेरी राणीला, म्हणजे गावच्या जत्रेत निवडलेल्या सुंदरीला, काठीनं दोरी कशी फेकावी हे शिकवताना, वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरसमोर तो त्या डोहात पाठीवर पडला होता. पडताना त्यानं राणीचा हात धरला, त्यामुळे तीही पडली. राणी बाहेर आली, तिचा मुकुट अजून यायचा आहे. फोटो पहिल्या पानावर छापला. तेव्हापासून एनारनं त्या डोहात दोरी टाकली नाही. पुलावर तो फळा आहे म्हणून पूलही टाळला. दुकान पुलापलीकडे दीड मैलावर होतं. एनार अकरा मैलांचा फेरा घालून अंडी आणी. विचारलं तर म्हणे, "तिकडून देखावा चांगला आहे." तिकडून गावाचा उकिरडा दिसतो.

लिओटाला आठवत होतं तेव्हापासून तिनं घळीतला सगळ्यांत चांगला दोरी फेकणारा माणूस घळीतला सगळ्यांत चांगला डोह सोडून बाकी सगळीकडे फेकताना पाहिला होता. तिला एवढंच हवं होतं, की मरण्यापूर्वी एकदा तरी म्हाताऱ्यानं तिथे उभं राहावं. मरायला तो अजून तयार नव्हता, चौसष्टाचा होता. पण तिनं त्या फळ्यासाठी आणून ठेवलेल्या रंगाच्या डब्याला गंज चढत होता.

सकाळी सात वाजता पुलावर लुआन प्रुइटनं टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. जोड्या लावायच्या असतात, कारण प्रत्येकानं दुसऱ्याचा मासा मोजून त्याच्या कागदावर सही करायची. ट्राउट मारणाऱ्यांच्या स्वतःच्या मोजणीवर गावाचा विश्वास नाही. तो अनुभवातून आलेला आहे.

"लिओटा ब्रँडवोल्ड," लुआननं वाचलं, आणि दुसरी चिठ्ठी उघडून ती हसली. "माझ्या नवऱ्याबरोबर. देव तुझं भलं करो, पोरी. मला छत्तीस वर्षं झाली."

कारण छत्तीस वर्षांपूर्वीची हकलबेरी राणी म्हणजे लुआन. आणि तिला वाचवायला खडकावरून उडी घेणारा तरुण म्हणजे वॉल्डो प्रुइट, जो आता गावाचा न्हावी होता आणि सलग चार वर्षं 'एक माशी' जिंकत होता. त्यानं दुसऱ्या बटणापर्यंत रुळणारी करडी दाढी राखली होती. लोकांच्या दाढ्या उतरवून कमावलेलं सगळं त्यानं स्वतःच्या दाढीत गुंतवलं होतं. एनार आणि तो शाळेपासूनचे मित्र, पण त्या उडीनंतर दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. 'एनारची आपटी' हे नावही वॉल्डोनंच रंगवलेलं, त्याच वर्षी जिंकून.

"या वर्षी काय रंगवायचं ते मी ठरवून आलोय," वॉल्डो रबरी विजारीचे पट्टे खांद्यावर चढवत म्हणाला. "'लिओटानं उडवलेली टपालपेटी'. फळ्यावर दोन ओळी लागतील."

"टपालपेटी ट्रकच्या रस्त्यात होती."

"गेली एकोणीस वर्षं ती तिथेच आहे!"

"तेच म्हणतेय. एकोणीस वर्षं रस्त्यात."

दहाच्या सुमाराला 'नॉर्बर्ट खोटं बोलला'मध्ये वॉल्डोला ट्राउट लागला. सतरा इंच. लिओटानं मोजला, सही केली आणि पाण्यात सोडून दिला. माशाला घाई होती. वॉल्डोला नव्हती. तो दाढी कुरवाळत बसला.

"तुझ्या बापाला शिकवायला हवं होतं मी," तो म्हणाला. "उभं कसं राहायचं ते."

लिओटानं दोरी पुन्हा पाण्यावर फेकली. तिला तोवर दोन मासे मिळाले होते, आणि त्यांची लांबी सांगायला तिला कुणी विचारू नये असं वाटत होतं.

मग दुपारचा वारा सुटला. घळीतला वारा बाराला पाच मिनिटं कमी असताना सुटतो आणि नदीच्या उलट दिशेनं वर येतो. लिओटा नियमाप्रमाणे वॉल्डोपासून वीस पावलांवर उभी होती. दुसऱ्याची दोरी पाण्यात असली की वीस पावलांच्या आत जायचं नाही, गेलात तर बाद. हा नियम दोन साडूंच्या मारामारीनंतर आला. तिनं काठी मागे नेली, दोरी हवेत सरळ होऊ दिली, पुढे फेकली. आणि नेमक्या त्याच क्षणी वॉल्डो तिला काहीतरी टोचून बोलायला मागे वळला.

इथे माशी शिंकली.

नाकतोडा वाऱ्यावर वळला आणि वॉल्डोच्या दाढीत जाऊन बसला. गळाला उलटा काटा ठेवायला मनाई आहे, म्हणजे माशाच्या तोंडातून तो अलगद सुटतो. दाढीचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता.

वॉल्डोनं डोळे खाली वळवून दाढीकडे पाहिलं.

"हलू नका," लिओटा म्हणाली. "मी येऊन काढते."

"ये की," वॉल्डो म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "पण माझी दोरी पाण्यात आहे, पोरी."

"मग बाहेर काढा."

"का काढू? मी मासे पकडतोय."

"मग तुम्हीच काढून द्या."

"दुसऱ्याच्या माशीला हात लावला की बाद. सातवा नियम. मी नियम मोडत नाही, तुला माहीत आहे."

लिओटानं दोरी हलकेच ताणली. वॉल्डोची हनुवटी पुढे आली. दोरीचं शेवटचं टोक केसाइतकं बारीक असतं. आणखी ओढलं असतं तर तुटलं असतं, आणि माशी वॉल्डोच्या दाढीत राहून ती घरी गेली असती.

"दाढी कापा," ती म्हणाली. "कात्री तुमच्या गळ्यात लटकतेय. केसांना हात लावू नये असा नियम नाही."

वॉल्डोनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं लुआनला कापायला सांगितलं होतं.

"चारच तासांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला आणि पुढच्या डोहाकडे निघाला.

त्या दुपारी हॅचेट घळीत जी वरात निघाली तशी आधी कधी निघाली नव्हती. पुढे वॉल्डो, काठी पाण्यावर धरून. त्याच्या दाढीतून निघालेली पिवळी दोरी त्याच्या खांद्यावरून मागे. आणि वीस पावलं मागे लिओटा, झुडपात दोरी अडकू नये म्हणून हात उंच धरून, दोरी सोडत आणि गुंडाळत. पतंग उडवणारं माणूस पतंगाच्या मागे हिंडावं तशी. 'विधवेचा दुसरा विचार' ओलांडताना तिला एका फांदीखालून रांगावं लागलं. वॉल्डो मध्येच थांबे, मान डावीकडे झटके, आणि तिला डावीकडे दोन पावलं उडी मारावी लागे. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की तो हे मुद्दाम करतोय.

"मजा येतेय?" ती ओरडली.

"घळीत आल्यापासून इतकी मजा आली नव्हती."

एक वाजता तो जेवायला बसला. काठी बगलेत, दोरी पाण्यात, हातात हॅम आणि मोहरीच्या सॉसचं सँडविच. मोहरी दाढीतून ओघळत नाकतोड्यावर आली. लिओटा वीस पावलांवर उभी राहून बघत होती. हाच नाकतोडा तिनं तीन रात्री जागून बांधला होता. तिच्या खिशात तिचंही सँडविच होतं, पण एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात दोरी असताना ते खाता येत नव्हतं.

"बापाला सांग," वॉल्डो घास गिळत म्हणाला, "की तू दिवसभर मला गळाला लावून हिंडलीस. खोटं होणार नाही."

तीनला दहा मिनिटं होती तेव्हा वॉल्डोच्या काठीचं टोक पाण्यात गेलं. मासा मोठा होता. किती मोठा ते कुणालाच कधी कळलं नाही, त्यामुळे तो आता गावात तेवीस इंचांचा आहे. तो सरळ खाली पळाला. वॉल्डो त्याच्यामागे पळाला. वॉल्डोची दाढी वॉल्डोबरोबर गेली, आणि दाढीमागे लिओटा. दगडांवरून, कंबरभर पाण्यातून, 'पुतण्याची होडी' आणि 'कुणी पाहिलं नाही' हे दोन डोह त्यांनी मोजे न ओलावता, म्हणजे ओले झालेले मोजे आणखी न ओलावता, पार केले. लिओटा वीस पावलं मोजत पळत होती. अठरा झाली की थांबायची, बावीस झाली की धावायची.

वळणावर मासा खोलात शिरला. वॉल्डोनं त्याच्याकडे पाहत पाय टाकला. तिथे एक सपाट, शेवाळलेला दगड होता.

"अरे, पुन्हा तोच दगड!" वॉल्डो ओरडला, आणि एनारच्या आपटीत पाठीवर आपटला.

त्याची काठी उंच उडाली. दोरी कट्कन तुटली, आणि तेवीस इंचांचा मासा वॉल्डोची माशी घेऊन गावाच्या इतिहासात गेला. वॉल्डो पाण्याखाली होता. दाढी पाण्याखाली पसरली असावी, करडी, लांब, पाणवनस्पतीसारखी, आणि तिच्या मध्यभागी एक मोहरी लावलेला नाकतोडा.

लिओटाच्या हातातली दोरी ताणली गेली. तिला वाटलं वॉल्डो आहे. मग ती दोनदा हिसकली, आणि वॉल्डो असा हिसका देत नसे.

वॉल्डो उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. त्याच्या हनुवटीला एक ट्राउट लटकत होता.

"हा काढ!" तो म्हणाला. "हा काढ, हा काढ!"

"तुमची दोरी आता पाण्यात नाही, नाही का?" लिओटा पुढे होत म्हणाली. तिनं जाळी हनुवटीखाली धरली. "हलू नका, वॉल्डो."

"मी कुठे हलतोय? मासा हलवतोय!"

शेवटी मासा जाळीत आला. त्याच्याबरोबर नाकतोडा आला, आणि नाकतोड्याबरोबर दाढीचा एक चांगला मूठभर झुबका. जिथे झुबका होता तिथे आता वॉल्डोची हनुवटी दिसत होती. ती बारीक आणि गुलाबी निघाली. गावात कित्येक वर्षांत कुणी ती पाहिली नव्हती.

"मोजा," लिओटा म्हणाली.

मोजायचं काम वॉल्डोचं होतं. त्यानं ओल्या हातानं पट्टी लावली. "सतरा."

"नीट लावा. शेपटी पट्टीवर ठेवा."

"साडेसतरा."

"वॉल्डो."

"सव्वा अठरा," वॉल्डो कुणाला तरी मरताना बघत असल्यासारखा म्हणाला. मासा निघून गेला. वॉल्डो काठावर बसला आणि दाढीतल्या खिंडीत बोट घालून पाहू लागला. "पण सही मी करणार नाही."

"का?"

"दाढीत पकडलेला मासा धरत नाहीत."

"कुठल्या नियमात?"

"नियम करायची वेळच आली नव्हती! आणि त्याला मोहरी लागली होती. माशीला वास लावायला मनाई आहे."

"मोहरी कुणाची?"

वॉल्डोनं विजारीतलं पाणी ओतलं. इथे दोघांखेरीज कुणी नव्हतं, आणि सही न झालेला मासा म्हणजे न पकडलेला मासा. लिओटाला ते माहीत होतं. बापाचं नाव आणखी एक वर्ष फळ्यावर राहणार, टपालपेटी त्याच्या शेजारी येणार. तिनं माशी तपासली. मग ती थांबली.

"वॉल्डो, तुम्ही 'पुन्हा' म्हणालात."

"कधी?"

"पडताना. 'पुन्हा तोच दगड.'"

"माणूस पडताना काहीही बोलतो."

"पण तुम्ही तर त्या दिवशी पडला नव्हतात. तुम्ही त्या खडकावरून उडी घेतलीत, लुआनला वाचवायला. सगळ्या गावाला पाठ आहे. मग हा दगड तुमच्या ओळखीचा कसा?"

वॉल्डोनं नदीकडे पाहिलं. नदीनं त्याला मदत केली नाही.

"मी इथे, अगदी कडेला उभा होतो," तो शेवटी म्हणाला. "राणीला मी नीट दिसावा म्हणून. पाय गेला. मी एनारच्या विजारीचे पट्टे धरले. एनारनं तिचा हात धरला. मी दगडाआड वर आलो, फोटोत नव्हतोच. आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुम्ही माझ्यासाठी उडी मारलीत!' सत्तावीस वर्षांचा होतो मी, लिओटा. केस ओले, मुकुट गेलेला, अशी राणी समोर. तू नाही म्हणाली असतीस?"

"आणि फळ्यावर बाबांचं नाव?"

"लोक विचारत होते, आधी कोण पडलं. फळ्यावर लिहिलं की विचारणं थांबतं."

"बाबा काहीच बोलले नाहीत?"

"एकदा बोलला. माझ्या लग्नात. म्हणाला, 'केक चांगला आहे.'"

लिओटानं कागद पुढे केला. "सही करा. मी दाढी लिहिणार नाही, दगड लिहिणार नाही. फळ्यावर तुमचं नाव येणार नाही. मला फक्त बाबांचं काढायचंय."

वॉल्डोनं सही केली. 'मासा कुठे होता' या रकान्यात लिओटानं लिहिलं, 'करड्या गवतात'. वॉल्डोनं ते वाचलं आणि मान हलवली. तो शब्द त्याला सभ्य वाटला.

चार वाजता पुलावर लुआननं कागद वाचले, मोठ्यानं निकाल सांगितला, आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "तू ओला का?"

"मासा मोजायला वाकलो."

"आणि दाढी?"

"मासा जवळून मोजला."

लुआननं लिओटाच्या हातात पातं दिलं. लिओटानं पात्यानं 'एनारची आपटी' खरवडली. तिला वाटलं होतं की तिला पुष्कळ आनंद होईल, पण छत्तीस वर्षांचा रंग निघायला वेळ लागतो, आणि मधूनच हात दुखतो. रिकाम्या जागी काय लिहायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. मग तिनं ब्रश उचलला आणि एकच शब्द लिहिला.

पुन्हा.

"हे कसलं नाव?" कुणीतरी म्हणालं. वॉल्डो पांढरा पडला. हनुवटी तर सरळ दिसतच होती.

तेवढ्यात पलीकडून एक जुना ट्रक पुलावर आला आणि मधोमध थांबला. एनार ब्रँडवोल्ड खाली उतरला. निकाल त्याला दुकानातल्या फोनवर कळला होता, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं अंडी दीड मैलाच्या रस्त्यानं आणली होती. त्यानं फळा वाचला. मग वॉल्डोची विजार पाहिली. मग दाढीतली खिंड.

"कुठला दगड?" एनारनं विचारलं.

वॉल्डोनं आधी लिओटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कसला दगड? कुठलाही नाही."

"तोच," लुआन म्हणाली. ती कागद नीट रचत होती. "त्या दिवशी मी पडायच्या आधी दोनदा धप्प झालं होतं, वॉल्डो. मला दोनपर्यंत मोजता येतं."

"मग तू... छत्तीस वर्षं..."

"खरं सांगायला तुला किती वर्षं लागतात ते बघत होते. बरा दिसत होतास तेव्हा. दाढी नव्हती."

एनारच्या खांद्यांना काहीतरी होत होतं. लिओटाला आधी वाटलं तो रडतोय, मग कळलं की तो हसतोय, फक्त सवय मोडलेली आहे. त्यानं अंडी तिच्या हातात दिली, ट्रकमधून काठी काढली, आणि तो वळणाकडे चालू लागला. वॉल्डो त्याच्यामागे गेला. त्यांच्यामागे अर्धं गाव गेलं.

डोह संध्याकाळच्या उन्हात हिरवागार होता. वर ट्राउट नाकतोडे टिपत होते. एनार कडेला उभा राहिला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं दोरी हवेत सोडली, आणि ती इतकी सुरेख सरळ झाली, की लिओटा श्वास घ्यायला विसरली.

"अजून येतंय तुला," वॉल्डो म्हणाला.

"उभं राहायलासुद्धा येतं," एनार म्हणाला, आणि त्यानं त्या शेवाळलेल्या दगडावर एक पाऊल पुढे टाकलं. धप्प झालं.

लिओटानं नंतर फळ्यावर रंगाचा दुसरा हात मारला, पण एकही अक्षर बदलावं लागलं नाही.